रिची बेनॉ : पोलीस बातमीदार ते चॅनल नाइन. समालोचनाचं काम नेमकं कसं शिकले?

दुसरी_स्लिप

ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार आणि टीव्ही समालोचक बेनॉंबद्दल बोलताना बहुतेक जण तीन गोष्टींवर थांबतात : क्रीम रंगाचा कोट, खालचा ओठ किंचित पुढे काढून बोलायची पद्धत, आणि 'टू फॉर टू हंड्रेड ट्वेंटी टू' (२ बाद २२२) या त्यांच्या उच्चाराची नक्कल. त्यापलीकडे त्यांच्या कामाची जडणघडण कशी झाली यावर मराठीत फारसं लिहिलेलं दिसत नाही. म्हणून हा धागा.

थोडक्यात कारकीर्द : जन्म ६ ऑक्टोबर १९३०, पेनरिथ, न्यू साउथ वेल्स. १९५२ ते १९६४ या काळात ६३ कसोट्या, २४८ बळी, २२०१ धावा. कसोटीत २०० बळी आणि २००० धावा असा दुहेरी टप्पा गाठणारे पहिले खेळाडू. २८ कसोट्यांत कर्णधार, आणि त्यांच्या हाताखाली ऑस्ट्रेलियाने एकही मालिका गमावली नाही. १९६० साली बीबीसी रेडिओवर समालोचन केलं, १९६३पासून बीबीसी टीव्हीवर. १९७७ला केरी पॅकरच्या वर्ल्ड सिरीजमध्ये (क्रिकेट मंडळांना बाजूला ठेवून भरवलेली खासगी स्पर्धा) गेले आणि मग २०१३पर्यंत पॅकरचीच ऑस्ट्रेलियन वाहिनी चॅनल नाइन. इंग्लंडमध्ये बीबीसीनंतर १९९९ ते २००५ चॅनल फोर. १० एप्रिल २०१५ रोजी सिडनीत निधन.

माझं म्हणणं एकच आहे. बेनॉ मोठे खेळाडू होते म्हणून चांगले समालोचक झाले, हे खरं नाही. खेळत असतानाच ते बातमीदारी शिकले आणि टीव्हीचं रीतसर शिक्षण घेतलं. त्यांचं कमी बोलणं हा काही जन्मजात स्वभाव नव्हता, ते कमावलेलं कसब होतं. जाणकारांनी आपापल्या बाजूने भर घालावी.

---

रात्रपाळी

उत्तम विषय. वर्तमानपत्राच्या बाजूने लिहितो.

बेनॉ सिडनीच्या 'द सन'मध्ये आधी हिशेब खात्यात होते. १९५६चा इंग्लंड दौरा आटोपून परतल्यावर त्यांनी संपादकीय विभागात बदली मागून घेतली. कसोटी खेळाडू म्हटल्यावर सोपा रस्ता म्हणजे क्रिकेटचा स्तंभ : नाव आपलं, मजकूर दुसऱ्याने लिहायचा. तो त्यांनी घेतला नाही. गेले ते पोलीस बीटवर, नोएल बेली या मुरलेल्या गुन्हे वार्ताहराच्या हाताखाली.

'द सन' सायंदैनिक होतं हे लक्षात घ्या. सकाळच्या पेपरच्या बातमीदाराला संध्याकाळभर वेळ असतो. सायंदैनिकात सकाळी घटना घडते आणि दुपारी ती छापून रस्त्यावर यावी लागते. घटनास्थळ गाठायचं, जवळचा टेलिफोन शोधायचा आणि कार्यालयातल्या टंकलेखकाला बातमी तोंडी सांगायची. कागदावर मसुदा करत बसायला सवड नसते. वाक्य तोंडातून बाहेर पडतानाच पूर्ण असावं लागतं. कोण, कुठे, काय झालं हे पहिल्या वाक्यात, आणि कारण दुसऱ्या वाक्यात तेही खात्री असेल तरच. विशेषण घातलंत तर उपसंपादक कापतो. नाव चुकलं तर कोर्टाची पायरी चढावी लागते.

आता बेनॉंची कुठलीही जुनी फीत ऐका. वाक्य अर्ध्यात सोडून 'म्हणजे काय की' करत दुसरं वाक्य सुरू केलंय, असं सहसा सापडणार नाही. फोनवर बातमी सांगायची ही शिस्त त्यांच्या जिभेवर बसलेली होती. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'मध्ये ते पुढे कित्येक दशकं लिहीत राहिले, आणि तेही स्वतः टंकून.

---

ओबी_व्हॅन

रात्रपाळींच्या प्रतिसादाला जोडून टीव्हीची बाजू.

१९५६चा तोच दौरा संपल्यावर संघ निघाला, पण बेनॉ लंडनला मागे राहिले आणि बीबीसी टेलिव्हिजनचा तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम केला. वय २५, खेळाडू म्हणून भर उमेदीचा काळ. त्या तीन आठवड्यांत त्यांनी जवळून पाहिले ते समालोचक क्रिकेटचे नव्हते. घोड्यांच्या शर्यतींचे पीटर ओसलिव्हन, गोल्फचे हेन्री लाँगहर्स्ट आणि टेनिसचे डॅन मॅस्केल. ही निवड फार महत्त्वाची आहे. शर्यतीत काही मिनिटांत डझनभर घोडे नेमके ओळखावे लागतात, तिथे पूर्वतयारीला पर्याय नाही. गोल्फमध्ये खेळाडू पटिंगला उभा असताना समालोचक गप्पच बसतो. टेनिसमध्ये गुण सुरू असताना बोललात तर प्रेक्षक वैतागतात. क्रिकेटला या तिन्हीतलं थोडं थोडं लागतं.

आता कक्षातलं काम सांगतो, म्हणजे बेनॉंचं मोल कळेल.

टीव्ही समालोचकापुढे काच असते, काचेपलीकडे मैदान आणि हाताशी मॉनिटर. मॉनिटरवर तेच चित्र असतं जे घरी जातंय. नवखा माणूस मैदानाकडे बघून बोलतो आणि तिथेच गडबड होते. तो बोलतो पॉइंटवरच्या क्षेत्ररक्षकाबद्दल, आणि घरी त्या वेळी दिसत असतो गोलंदाजाचा चेहरा. नियम असा की क्षेत्ररचना आणि ढग मैदानावर बघायचे, पण बोलायचं मॉनिटर बघून. चित्रात नसलेलं सांगायचं असेल तर आधी दिग्दर्शकाला कळवायचं, तो कॅमेरा वळवतो, मग बोलायचं.

कानात हेडफोन. त्यात दिग्दर्शक सतत बोलत असतो : रिप्ले येतोय, जाहिरातीला दहा सेकंद, चार नंबरचा कॅमेरा प्रेक्षकांवर. हे ऐकत ऐकत आपलं वाक्य न अडखळता पुरं करायचं. कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याच नामवंत माजी खेळाडूंची गाडी इथेच रुळावरून घसरते, कारण कानातला आवाज आला की ते वाक्य सोडून देतात.

वेळेचा हिशेब बघा. दिवसाला ६ तास आणि ९० षटकं, म्हणजे षटकाला ४ मिनिटं, चेंडूला ४० सेकंद. त्यात खरा खेळ पाच-सहा सेकंदांचा. रिप्ले दाखवला तर त्यात पंधराएक सेकंद जातात. गोलंदाज धावायला लागला की तोंड बंद ठेवायचं, तेही पाच-सात सेकंद. उरतात जेमतेम बारा-तेरा सेकंद. त्यात दोन माणसं बोलायला गेली की प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. बेनॉ ते बारा सेकंद पुष्कळदा तसेच सोडून देत. त्यांचा सल्ला प्रसिद्ध आहे : पडद्यावर दिसतंय त्यात भर घालता येत असेल तर घाला, नाहीतर गप्प बसा.

---

दुसरी_स्लिप

@ओबी_व्हॅन, अप्रतिम. चॅनल नाइनवर जाहिराती आल्यावर यात काय बदललं?

---

ओबी_व्हॅन

बरंच बदललं. बीबीसीवर जाहिराती नसत, षटक संपल्यावरही बोलायला वाव असे. नाइनवर षटक संपलं की जाहिरात. ऑस्ट्रेलियात १९७८-७९च्या मोसमापर्यंत आठ चेंडूंचं षटक होतं, पुढच्या मोसमापासून सहाचं झालं. दिवसाला ५४० चेंडू धरले तर आठाच्या हिशेबाने षटकं भरतात ६७, सहाच्या हिशेबाने ९०. म्हणजे समालोचकाचं बोलणं दिवसात वीसेक वेळा जास्त तुटणार. शेवटच्या चेंडूवर बळी गेला तर जाहिरात थांबवायची का, हे दिग्दर्शक त्या क्षणी ठरवतो, आणि समालोचकाला दोन्ही शक्यता धरून वाक्य रचावं लागतं. लहान आणि कुठेही पूर्ण होणारं वाक्य. ज्याला पल्लेदार वाक्यांची सवय आहे त्याचं वाक्य साबणाच्या जाहिरातीखाली चिरडतं.

दुसरा बदल कॅमेऱ्यांचा. आधी मुख्य कॅमेरा एकाच टोकाला असे, त्यामुळे एक षटक सोडून एक षटक प्रेक्षकाला फलंदाजाची पाठ दिसायची. नाइनने दोन्ही टोकांना कॅमेरे लावले. दर चेंडू गोलंदाजाच्या पाठीमागून दिसू लागला. चेंडू लेगब्रेक आहे की उलट्या दिशेने वळणारी गुगली, हे आता घरच्या माणसालाही जरा जरा कळू लागलं, आणि समालोचकाने चुकीचं सांगितलं तर तेही पकडलं जाऊ लागलं.

---

चंद्रमौळी

सगळं मान्य, पण एक रोकडा प्रश्न. १९७७ला बेनॉ पॅकरचे पगारी सल्लागार होते. वर्ल्ड सिरीज उभी करण्यात त्यांचा आणि पत्नी डॅफ्नी यांचा थेट हात होता. ज्या स्पर्धेचा सल्लागार त्याच स्पर्धेचा समालोचक. पत्रकार म्हणून हे कितपत बसतं? आजही मंडळाच्या करारावर असलेल्या समालोचकांबद्दल आपण हाच आक्षेप घेतो. मग बेनॉंना वेगळा न्याय का?

---

रात्रपाळी

आक्षेप रास्त आहे आणि तो झटकू नये. १९७७ला त्यांच्यावर टीका झाली, जुने संबंध दुरावले. हितसंबंध होतेच. वर्तमानपत्राच्या कडक नियमात ते बसलं नसतं.

पण परीक्षेची वेळ आली तेव्हा माणूस काय बोलला हे पाहू. १ फेब्रुवारी १९८१, मेलबर्न, ऑस्ट्रेलिया वि. न्यूझीलंड, एकदिवसीय स्पर्धेच्या अंतिम फेरीतला तिसरा सामना. शेवटचा चेंडू, न्यूझीलंडला बरोबरीला ६ धावा हव्यात. षटकार मारताच येऊ नये म्हणून ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपलने धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू जमिनीवरून सरपटत टाकायला सांगितलं. फलंदाज ब्रायन मॅकेक्नीने चेंडू अडवून बॅट फेकून दिली. सामना पॅकरच्या वाहिनीवर, चॅपल वर्ल्ड सिरीजमधला पॅकरचा हुकमी माणूस, प्रेक्षक ऑस्ट्रेलियन. आणि बेनॉंनी कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं की हे लांच्छनास्पद होतं, क्रिकेटच्या मैदानावर पाहिलेल्या सर्वांत वाईट गोष्टींपैकी एक होतं आणि असं पुन्हा कधी घडू देता कामा नये.

यात बातमीदाराचा हात कुठे दिसतो सांगतो. नुसतं 'लाज वाटली' म्हणून ते थांबले नाहीत. कर्णधाराचं षटकांचं गणित चुकलं होतं, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. म्हणजे कृत्य काय, त्यामागची चूक कोणती आणि त्यावर मत काय, हे तिन्ही ताबडतोब. आवाज चढलेला नाही, एकही शब्द मागे घ्यावा लागला नाही. आजच्या करारबद्ध समालोचकांना मोजायचं असेल तर या प्रसंगाशी ताडून बघावं.

---

चंद्रमौळी

पटलं. हितसंबंधाचा मुद्दा मी सोडत नाही, पण त्या दिवशी ते बोलले याला वजन आहे.

---

फिरकीवाला

माझ्या प्रांतातलं लिहितो. ४ जून १९९३, ओल्ड ट्रॅफर्ड. ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर शेन वॉर्नचा अॅशेसमधला (इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिका) पहिला चेंडू, समोर इंग्लंडचा माइक गॅटिंग. बेनॉ बीबीसीवर. ती फीत शंभरदा पाहावी, पण एकदा फक्त कानाने ऐकावी.

चेंडू हवेत आत वळत लेगस्टंपाच्या बाहेर पडतो आणि वळून ऑफ स्टंपच्या माथ्याला लागतो. बेनॉंचं पहिलं वाक्य : त्याने करून दाखवलं. चेंडू किती वळला, कुठे पडला याचं वर्णन लगेच नाहीच. कारण ते सगळ्यांनी पाहिलंय. मग येतं : गॅटिंगला काय झालं याचा काडीचाही पत्ता नाही. मग थांबतात. कॅमेरा गॅटिंगवर, तो खेळपट्टीकडे बघतोय. तेव्हा पुढचं वाक्य : अजूनही कळलेलं नाही.

हे शेवटचं वाक्य पूर्णपणे चित्रावर उभं आहे. कॅमेरा गॅटिंगवर नसता तर ते वाक्य हवेत गेलं असतं. ओबी_व्हॅन यांनी मॉनिटर बघून बोलण्याचं सांगितलं ते हेच.

आणि हे बोलणारा माणूस स्वतः लेगस्पिनर. फ्लिपर हा लेगस्पिनरचा खास चेंडू ते १९५६ला इंग्लंडमधल्या ट्रेंट ब्रिज मैदानावर ब्रूस डूलंडकडून शिकले. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांमधून चेंडू चिमटीतून निसटावा तसा खालून सोडायचा, उलटी फिरकी मिळते, चेंडू पडल्यावर खाली राहतो आणि झपकन येतो. आखूड समजून फलंदाज मागे जातो आणि पायचीत होतो. हे शिकवायला महिने लागतात आणि जमायला वर्षं. ज्याच्याजवळ हे ज्ञान आहे त्याला वॉर्नच्या त्या चेंडूवर मनगट, शिवण, हवेतला वळसा यावर पाच मिनिटं बोलता आलं असतं. ते रिप्लेसाठी राखून ठेवलं आणि आधी गॅटिंगचा चेहरा दाखवला. याला मी मोठेपणा म्हणतो.

भारतातही त्यांची गोलंदाजी जुन्या लोकांनी पाहिली आहे. १९५६ला मद्रासला एका डावात ७२ धावांत ७, मग कलकत्त्याला सामन्यात ११ बळी. १९५९-६०ला कर्णधार म्हणून आले. कानपूरला जसू पटेलने १४ बळी घेऊन त्यांना हरवलं, पण मालिका ऑस्ट्रेलियाने २-१ जिंकली.

---

आकाशवाणी_भक्त

भारतीय घरांत बेनॉंचा आवाज पोचला तो प्रामुख्याने १९८५च्या ऑस्ट्रेलियातल्या बेन्सन अँड हेजेस स्पर्धेपासून. गावसकर कर्णधार, १० मार्चला मेलबर्नला पाकिस्तानला ८ गडी राखून हरवलं, रवी शास्त्रीला बक्षीस ऑडी मोटार. दूरदर्शनवर ते चॅनल नाइनचं चित्र आलं : रंगीत कपडे, पांढरा चेंडू, प्रकाशझोत. तोपर्यंत मराठी माणसाच्या कानावर समालोचन म्हणजे रेडिओ, बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन. तिथे दर क्षणी बोलणं भाग असतं, कारण ऐकणाऱ्याला दिसत काहीच नाही. पंडितांची शैली आणि बेनॉंची शैली यांत श्रेष्ठ-कनिष्ठ लावू नये. दोन वेगळी माध्यमं, दोन्ही आपापल्या जागी चोख. घोळ होतो तो रेडिओचं वर्णन टीव्हीवर आणल्यावर.

---

दुसरी_स्लिप

अगदी. इंग्लंडमधल्या हेडिंग्ले मैदानावरच्या १९८१च्या कसोटीचं उदाहरण देतो. इंग्लंडच्या इयान बोथमने १४९ नाबाद केल्या तो डाव, बेनॉ बीबीसीवर. एक उत्तुंग षटकार गेला. 'चेंडू उंच गेलाय, सीमारेषेच्या पलीकडे, सहा धावा' यातलं काहीच ते म्हणाले नाहीत. म्हणाले की तो चेंडू शोधायच्या भानगडीत पडू नका, थेट मिठाईच्या टपरीत शिरून बाहेर आलाय. दिसत होता षटकार, कळली टपरी. भर घालणं म्हणजे हेच.

त्यांचे आणखी काही दंडक : खेळत असलेल्या संघाला 'आपण' म्हणायचं नाही. सुटलेल्या झेलाला शोकांतिका म्हणायचं नाही, टायटॅनिक बुडणं ही शोकांतिका. तोंड उघडण्याआधी डोकं चालू करायचं. आणि स्वतःला फार गंभीरपणे घ्यायचं नाही, मजा करायची.

पहिला दंडक सर्वांत अवघड. 'आपण' हा शब्द मराठीत आणि हिंदीत इतका सहज येतो की बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. तो आला की समालोचक समर्थक होतो आणि पंचाच्या निर्णयाबद्दलचं त्याचं मत प्रेक्षक धरत नाहीत.

---

सांगलीची_वाचक

फार शिकायला मिळतंय. माझा प्रश्न व्यवहाराचा. आता मराठीतून आयपीएलचं समालोचन ऐकायला मिळतं. नव्या मुलामुलींना यात यायचं असेल तर बेनॉंच्या पद्धतीने सराव कसा करावा? आणि २००५ला लंडनच्या ओव्हल मैदानावरून बेनॉंनी घेतलेल्या निरोपाबद्दलही कोणीतरी लिहा ना.

---

रात्रपाळी

निरोपाबद्दल मी सांगतो. १२ सप्टेंबर २००५, अॅशेसचा शेवटचा दिवस. पुढच्या वर्षीपासून इंग्लंडमधले प्रक्षेपणाचे हक्क स्काय वाहिनीकडे जाणार होते, म्हणून तिथलं बेनॉंचं हे शेवटचं समालोचन. ४२ वर्षांचे आभार मानत होते. वाक्य चालू असताना ऑस्ट्रेलियाच्या मॅकग्राने इंग्लंडच्या पीटरसनचा त्रिफळा उडवला, १५८वर. बेनॉंनी स्वतःचं वाक्य तिथेच बाजूला ठेवलं, बळीचं सांगितलं, मग निरोपाकडे वळले. बातमी आली की आपलं बोलणं थांबतं, हा सायंदैनिकातला धडा शेवटच्या दिवशीही सुटला नाही.

इंग्लंडचा उन्हाळा संपला की ऑस्ट्रेलियाचा, असं चार दशकं चाललं. खेळाडू आणि समालोचक मिळून पाचशेच्या वर कसोट्या भरतात. निधनानंतर ऑस्ट्रेलियन सरकारने शासकीय अंत्यसंस्कार देऊ केले होते. कुटुंबाने नम्रपणे नाकारून खासगी अंत्यविधी केला.

---

ओबी_व्हॅन

@सांगलीची_वाचक, सरावाचं सांगतो.

जुना सामना लावा, आवाज पूर्ण बंद, मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू. सामना कसोटीचा घ्या, आयपीएलचा नको. टी-ट्वेंटीत थांबण्याची सवय लागायला जागा नसते. पाच षटकं बोला, त्याहून जास्त नको. मग मुद्रण ऐकताना समोर तेच चित्र पुन्हा चालवा आणि जे वाक्य फक्त दिसतंय तेच सांगतं त्यावर कागदावर फुली मारा. 'चेंडू कव्हरमधून सीमारेषेकडे' : फुली. 'चौकार' : फुली. 'कव्हरचा क्षेत्ररक्षक आत्ताच दोन पावलं सरळ सरकला होता' : हे राहू द्या. पहिल्या खेपेला निम्म्याच्या वर फुल्या पडतात, त्याने खचून जाऊ नये.

दुसऱ्या फेरीत तीच पाच षटकं, पण गोलंदाजाने पहिलं पाऊल टाकलं की ओठ मिटायचे आणि चेंडू खेळून होईपर्यंत उघडायचे नाहीत. वाक्य अपुरं राहत असेल तर ते लांब होतं, पुढच्या वेळी लहान करा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य मध्येच तुटलं तर अर्थच पोचत नाही. म्हणून इंग्रजीपेक्षा आपल्याला वाक्य आणखी आखूड ठेवावं लागतं. आठ-नऊ शब्द, बस्स.

तिसऱ्या फेरीत कानात इअरफोन घालून कोणाला तरी मधूनमधून आकडे मोजायला सांगा : दहा, नऊ, आठ. शून्याच्या आत तुमचं वाक्य संपलं पाहिजे, आणि मोजणी ऐकताना आवाजात फरक पडता कामा नये. हे सर्वांत जड जातं. साधारण दोन सेकंदांवर थांबायची सवय लावा, शून्यावर नको. मागे जाहिरात दबा धरून असते.

धावसंख्या षटकाच्या शेवटी एकदा आणि बळी गेल्यावर एकदा. दोन संघांच्या अकरा-अकरा खेळाडूंची चालण्याची ढब आदल्या दिवशी सराव बघून पाठ करा, पाठीवरच्या नावावर विसंबू नका. कसोटीत उन्हं कलल्यावर लांब सावल्यांत ती नावं वाचता येत नाहीत.